साध्या दिवसांचा अल्बम

घरातला जुना अल्बम एकदा कपाटातून खाली काढा आणि दुपारची झाकपाक झाली की निवांत चाळून बघा. पहिल्या पानावर लग्न. मग डोहाळजेवण: वेणीतली फुलं आरशात दिसावीत म्हणून आरशाकडे पाठ करून उभी राहिलेली तुम्ही. मग बारसं, बोरनहाण, हलव्याचे दागिने घालून फोटोग्राफरकडे रडवेल्या तोंडाने बघणारं बाळ. मुंज, वास्तुशांत, महाबळेश्वरची एखादी सहल. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, सगळे रांगेत, सगळ्यांचे हात मांडीवर. परक्या माणसाने हा अल्बम पाहिला तर त्याला वाटेल, या घरात कार्यांखेरीज दुसरं काही घडतच नसावं!

आता जरा आठवून बघा. गेल्या वर्षात घरी कार्यं किती झाली? सणवार धरले तरी वीस-पंचवीस दिवसांच्या वर हिशेब जाणार नाही. उरलेले तीनशे चाळीस दिवसही आपण जगलोच की! त्या दिवसांत चहाबरोबर गप्पा झाल्या, पाढे पाठ झाले, लोणची घातली गेली, सासऱ्यांनी नातीला सायकल शिकवली, लाइट गेल्यावर सगळे गच्चीवर जाऊन बसले. संसार संसार म्हणतात तो हाच. आणि नेमका तोच अल्बममध्ये नाही.

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या साध्या दिवसांबद्दल. त्यांतला आनंद हेरायचा कसा, टिपायचा कसा आणि टिपलेला जपून ठेवायचा कसा, याबद्दल. त्यासाठी भारी कॅमेरा नको आणि क्लासही नको. घरात आहे तो मोबाइल पुरे.

फोटो महाग होता तेव्हा

कार्याचेच फोटो काढायची सवय आपल्याला उगीच लागलेली नाही. फोटोची कला १८३९ मध्ये जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही स्थापन झाली. पण त्या काळी फोटो उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ माणसाने पापणीसुद्धा न हलवता बसायचं! जुन्या फोटोंत सगळे गंभीर दिसतात, त्याचं हे एक कारण. हसू इतका वेळ तोंडावर धरून ठेवणार कोण? पुढे १९०० मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीने एका डॉलरला मिळणारा ‘ब्राउनी’ कॅमेरा काढला. घरच्या माणसाने घरच्या माणसांचे फोटो काढायची सोय तेव्हा कुठे सामान्यांच्या हाती आली.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत ही चैन बरीच उशिरा पोचली. तुमच्यापैकी कितीजणींच्या माहेरी ‘आग्फा क्लिक थ्री’ नावाचा काळा, डब्यासारखा कॅमेरा होता? त्यात १२० चा रोल बसायचा आणि एका रोलवर चौकोनी फोटो निघायचे बारा. बारा म्हणजे बाराच! दिवाळीत घातलेला रोल संक्रांतीपर्यंत पुरवायचा, मग तो धुवायला टाकायचा, आठ दिवस वाट बघायची आणि कॉप्या किती काढायच्या यावर घरात चर्चा करायची. “उगीच रोल वाया घालवू नका रे” हे वाक्य तेव्हा घराघरांत ऐकू येई. अशा मोजक्या बारा फोटोंत तांदूळ निवडणाऱ्या आजीची वर्णी कशी लागावी?

आज रोलही राहिला नाही आणि धुलाईही राहिली नाही. दिवसाला शंभर फोटो काढले तरी पै खर्च होत नाही. पण आपली सवय मात्र जुनीच राहिली. मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात. त्यांत लग्नांचे सातशे, एकाच धबधब्याचे चाळीस, लाइटबिलाचे दहा आणि सकाळी सकाळी आलेल्या सुप्रभाताच्या गुलाबांना तर मोजदादच नाही! पण मोठ्या काकांचं सकाळचं पेपरवाचन, धाकट्याचं दप्तर भरणं, यजमानांचं जुना पंखा उघडून बसणं यांचा एकही फोटो शोधून सापडायचा नाही.

साध्याचं मोल उशिरा कळतं

“रोजचंच तर आहे, त्यात काय फोटो काढायचाय?” असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. हे म्हणणं किती फसवं आहे ते हार्वर्ड विद्यापीठातल्या टिंग झांग या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. २०१४ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी विद्यार्थ्यांना अगदी साध्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या होत्या. अलीकडे कुणाशी काय बोलणं झालं, सध्या कोणती गाणी ऐकता, अशा. तीन महिन्यांनी हे वाचायला तुम्हांला कितपत आवडेल, तेही विचारून ठेवलं. मुलांनी अंदाज बेताचाच दिला. पण तीन महिन्यांनी तेच कागद हातात आल्यावर त्यांना जो रस वाटला, जी मजा आली, ती त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होती. आणखी एक गंमत अशी, की विशेष दिवसांपेक्षा साध्या दिवसांच्या बाबतीत माणसांचा अंदाज जास्त चुकतो.

विचार केला तर हे आपल्याला पटण्यासारखंच आहे. लग्नात काय काय झालं ते दहाजण दहा वेळा सांगतात. वऱ्हाडाची बस कशी बंद पडली, जिलब्या कशा कमी पडल्या, हे फोटो नसला तरी लक्षात राहतं. पण मुलगा ‘कुकर’ला ‘तुतल’ म्हणायचा ते नेमकं कधी थांबलं? सासूबाई कोणत्या पाटावर बसून भाजी चिरायच्या? जुन्या घरातल्या ओट्यावर डबे कसे मांडलेले होते? साध्या गोष्टी सांगून जात नाहीत. एके दिवशी आपण वळून बघतो तर त्या नसतात.

म्हणूनच आज जो फोटो “त्यात काय?” वाटतो, तोच दहा वर्षांनी सगळे मान पुढे करून बघतील. पुढे मांडलेल्या मिठाईपेक्षा मागे भिंतीवर दिसणारं कॅलेंडर, खुंटीवरची पिशवी आणि दाराआडची चप्पल हीच तेव्हा जास्त बोलतील.

घरातली बाई फोटोत कुठे?

एक प्रसंग सांगते. ओळखीतल्या एका घरी सत्तरीच्या बाई गेल्या. दिवस व्हायच्या आत तसबीर करायला त्यांचा एखादा बरा फोटो हवा होता. तीन कर्ती मुलं, सुना, नातवंडं. घरात मोबाइल सात. सगळ्यांनी रात्रभर शोधलं. बाईंच्या हातच्या पुरणपोळ्यांचे फोटो होते. त्यांनी काढलेल्या रांगोळ्यांचे होते. त्यांनी मांडलेल्या गौरींचे तर प्रत्येक वर्षीचे होते. बाई मात्र कुठे नव्हत्या. असल्याच तर पदराने तोंड झाकून “अरे, नको रे” म्हणत हात पुढे केलेल्या. शेवटी पुतणीच्या लग्नातल्या समूहफोटोतून चेहरा कापून मोठा करून घेतला. त्या तसबिरीत बाईंच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाची तरी चार बोटं आहेत. ती पुसता आली नाहीत. नातवंडं विचारतात, “आजीच्या खांद्यावर हा हात कुणाचा?” आणि कुणालाच सांगता येत नाही.

हे घर काही जगावेगळं नाही. बाईचा फोटो नसण्याची कारणं आपल्याला पाठ आहेत. एकतर कॅमेरा तिच्याच हातात असतो. नाहीतर सगळे फोटोला उभे राहतात तेव्हा ती आत पुऱ्या तळत असते. आणि कुणी बोलावलंच तर “माझा अवतार बघा आधी!” म्हणून तीच पळते. केस रंगवले की काढू, वजन थोडं उतरलं की काढू, नवी साडी नेसले की काढू. या ‘की’मध्ये वर्षं जातात.

मला विचाराल तर सांगते, मुलांना तुमचं वजन दिसत नाही. आपल्या आईचा जुना फोटो हातात आला तर तुम्ही काय बघता? दंड जाड होते की बारीक, हे बघता का? तिचं हसू बघता, हातातल्या बांगड्या बघता, मागचा ओटा बघता. तुमची मुलंही तेच बघणार आहेत. मग अवतार असला तर असू दे! पदर खोचलेला, कपाळावर घाम आणि हात पिठाचे. घर चाललं ते त्याच अवतारावर.

तेव्हा एक नियम करून टाका. आठवड्यातून एकदा तरी फोटोत मी असणार. मोठ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात मोबाइल द्या आणि “मी काम करत असताना काढ” म्हणून सांगा. यजमानांनाही सांगा. सांगितल्याशिवाय त्यांना सुचेल या आशेवर राहू नका! घरात कुणी नसेल तर मोबाइलमधला टायमर लावा, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवा आणि आपलं काम सुरू करा. दहा सेकंदांत तुमचा फोटो तयार.

बाईच्या कामावरून तिचं नाव पुसलं जाणं ही गोष्ट कॅमेऱ्यामागच्या बाईलाही चुकली नाही. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. नवसारीचा जन्म, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. पुढे दिल्लीत त्यांनी नेहरूंपासून कितीतरी थोरामोठ्यांचे फोटो काढले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो पतीच्या, माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात होते. या सुरुवातीच्या फोटोंचा विषय काय होता? मुंबईतलं रोजचं जगणं, कॉलेजातल्या मैत्रिणी, मुलींच्या सहली. त्या काळच्या शहरातल्या मुली कशा हसायच्या, कशा बसायच्या, हे आज आपल्याला कळतं ते अशा फोटोंवरून.

काय टिपायचं?

आनंद म्हणजे काही सगळ्यांनी दात दाखवून उभं राहणं नव्हे. तो बऱ्याचदा पाठमोरा असतो. आजोबांचं बोट धरून शाळेत निघालेल्या नातीचा पाठीमागून काढलेला फोटो बघा. चेहरे दिसत नाहीत, पण फोटोत सगळं असतं.

आपल्या घरात काय टिपण्यासारखं आहे ते ओळखायची एक सोपी युक्ती आहे. आज घर सोडून दहा वर्षं परगावी जावं लागलं तर कशाची आठवण येईल, असं स्वतःला विचारायचं. उत्तरं आपोआप येतात.

हातांचे फोटो काढा. पोळी लाटणारे, वाती वळणारे, गृहपाठ लिहिणारे, रिकामं पान लावणारे हात. चेहऱ्याइतकीच माणसाची ओळख हातांत असते. शिवाय कॅमेरा बघून लाजणाऱ्या माणसांना हाताचा फोटो काढलेला चालतो!

जागांचे फोटो काढा. देवघर, ओटा, गॅलरीतली तुळस, मुलांच्या अभ्यासाचा कोपरा, पसारा असेल तर पसाऱ्यासकट. भाड्याची घरं बदलतात, जुने वाडे पडतात, इमारती नव्याने बांधल्या जातात. माणसांचे फोटो काढायचं आपल्याला सुचतं, घराचे काढायचं राहून जातं.

जोड्यांचे फोटो काढा. आजी आणि नात, दीर आणि भावजय, दोन भाऊ भांडण मिटल्यानंतरचे. आणि हो, तुमचा दोघांचाही. लग्नानंतर दोघांचाच असा फोटो किती वर्षांत निघाला नाही, ते आठवून बघा. तिघांचा फोटो काढू नये म्हणतात, काढला की दृष्ट लागते म्हणतात. ते मनाआड करा. आईबाप आणि एकुलतं एक लेकरू असलेल्या घराने काय चौथा माणूस उसना आणायचा?

एक फोटो मात्र दरवर्षी नेमाने एकाच दिवशी, एकाच जागी, त्याच क्रमाने उभं राहून काढा. निकोलस निक्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७५ मध्ये आपल्या पत्नीचा आणि तिच्या तीन बहिणींचा एक फोटो काढला. तेव्हापासून चाळीसहून अधिक वर्षं दरवर्षी त्याच चौघींचा, त्याच क्रमाने उभ्या असलेल्या, एकेक फोटो त्याने प्रसिद्ध केला. एकामागोमाग ते बघताना आयुष्य डोळ्यांपुढून सरकतं. आपल्याकडे याला पाडवा आहे, भाऊबीज आहे. माहेरच्या उंबऱ्यात भावंडांनी दरवर्षी उभं राहायचं, बस्स! काढायला दोन मिनिटं, बघायला जन्म.

आपल्या देशातलंच उदाहरण हवं असेल तर चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमराव सिंग यांचं घ्या. ते १८७० ते १९५४ या काळातले. बायको, अमृता आणि इंदिरा या मुली, आणि स्वतः ते, यांचे घरातले फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले. घरात वाचत बसलेली, नटलेली, विचारात गढलेली माणसं. अमृता १९४१ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. आज तिचं बालपण आणि तारुण्य आपल्याला इतकं जवळून दिसतं, ते घरातल्या एका माणसाने वेळच्या वेळी कॅमेरा हाती घेतला म्हणून.

कसं टिपायचं?

आता थोडं तंत्र. घाबरू नका, स्वयंपाकापेक्षा सोपं आहे!

पहिलं म्हणजे मोबाइलची काच पुसा. स्वयंपाकघरातला मोबाइल म्हणजे वाफ, तेलकट बोटं आणि पीठ. फोटो धुरकट येतात ते बहुतेक वेळा यामुळेच. मऊ, कोरड्या सुती कापडाने अलगद पुसलं की निम्मं काम झालं.

दुसरं, उजेड. खिडकीतून येणाऱ्या उजेडासारखा उजेड नाही. माणसाला खिडकीच्या पुढ्यात, पण तोंड खिडकीकडे किंवा थोडं तिरकं करून बसवा आणि तुम्ही खिडकीला पाठ करून किंवा बाजूला उभ्या राहा. खिडकी माणसाच्या पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. भर दुपारी उन्हात उभं केलं तर डोळे मिचकावले जातात आणि डोळ्यांखाली सावल्या पडतात. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरचं ऊन मात्र सगळ्यांनाच देखणं करतं.

तिसरं, उंची. मुलांचे फोटो आपण उभ्याने काढतो, त्यामुळे डोकी मोठी आणि पाय इवलेसे दिसतात. खाली बसा. पाटावर बसा, गरज पडली तर जमिनीवर पालथ्या पडा! मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आला की फोटोतलं जग त्याचं होतं.

चौथं, जवळ जा. बोटांनी चित्र ताणून मोठं करण्यापेक्षा दोन पावलं पुढे टाका. ताणलेला फोटो साध्या मोबाइलमध्ये फुटका दिसतो.

आणि शेवटचं. “हसा, हसा” म्हणू नका. असं म्हटलं की चेहऱ्यावर येतं ते हसू नव्हे, आज्ञापालन! त्यापेक्षा काहीतरी विचारा. “आजी, तुमच्या शाळेतल्या मास्तरांचं काय ते?” म्हणावं आणि बोलायला लागल्या की काढावा. फोटो निघाल्यावर दोन सेकंद थांबा. माणूस सैल होतो, खरं हसतो. तो पुढचा फोटो घ्या.

जगायचं राहून जाऊ नये

फोटोपायी प्रसंगच हातचा जाऊ नये, हेही बघायला हवं. मुलीचा शाळेतला नाच सगळा मोबाइलच्या काचेतून बघितला आणि घरी आल्यावर “कसा झाला गं?” म्हणून तिलाच विचारलं, असं होता कामा नये.

लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तूंची आठवण कमी भरली. जणू ‘कॅमेऱ्याने बघितलंय ना, मग आपल्याला काय करायचंय’ असं मनाने ठरवलं होतं. पण ज्या वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपायला सांगितला होता, तिची आठवण मात्र शाबूत होती. म्हणजे नुसता धडाधड फोटो काढला तर विसरायला होतं. नीट बघून, निवडून काढला तर होत नाही.

दुसऱ्या बाजूने क्रिस्टिन डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की फोटो काढणारी माणसं चांगल्या प्रसंगाचा आनंद जास्त घेतात, कारण ती प्रसंगात जास्त लक्ष घालतात. पण कॅमेऱ्याशी झटापट करावी लागली, किंवा तिथेच बसून फोटो पुसत राहावं लागलं, तर हा फायदा उरत नाही. यातून आपल्यापुरतं साधं सूत्र काढता येईल: आधी डोळ्यांनी बघा, मग दोन-तीन फोटो काढा आणि मोबाइल ठेवून द्या. बरावाईट निवडायचं काम रविवारी.

आणखी एक पथ्य. काही फोटो काढायचे नसतात. रडणारं मूल, आजारपणात गलितगात्र झालेलं माणूस, अंघोळ करून पंचावर आलेले सासरे यांचे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं ही थट्टा नव्हे. मुलांनाही मान असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला “हा मावशीला पाठवू का?” असं विचारून बघा, त्याला किती मोठं झाल्यासारखं वाटतं! शाळेच्या नावासकट, घराच्या पत्त्यासकट मुलांचे फोटो चारचौघांत तर टाकूच नयेत. आपण फोटो काढतोय ते घरासाठी, गावासाठी नव्हे.

आणि घरात आनंद नसतो, असेही महिने येतात. आजारपण असतं, पैशाची ओढ असते, अबोला असतो. अशा वेळी खोटं हसून फोटो काढायची काही गरज नाही. पण त्या दिवसांतही शेजारणीने आणून दिलेला डबा असतो, दवाखान्याच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसलेले दोघे भाऊ असतात. तेवढं टिपलं तरी पुढे कळतं, की त्या दिवसांतून आपण कुणाच्या आधाराने बाहेर पडलो.

निवडा, लिहा, छापा

टिपून झालं तरी काम अर्धंच झालं. मोबाइलमधले हजारो फोटो म्हणजे न निवडलेलं धान्य. महिन्यातून एक संध्याकाळ काढा, मुलांना जवळ घ्या आणि महिन्याचे फक्त बारा फोटो निवडा. जुन्या रोलचा आकडाच धरा ना! बारा म्हटलं की भांडण होतं, चर्चा होते, “तो नको, हा घे” होतं आणि त्या निमित्ताने महिना पुन्हा एकदा जगून होतो.

ते बारा फोटो पोस्टकार्डाएवढ्या, चार बाय सहा इंचांच्या आकारात छापून घ्या. अजूनही गावोगावच्या फोटो स्टुडिओत ते होतं. दर महिन्याला जमणार नसेल तर दिवाळीत वर्षाचे एकदम छापा. मोबाइल बिघडतो, हरवतो, पाण्यात पडतो. कागद मात्र पिढ्या ओलांडून जातो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फोटोच्या मागे लिहा. कोण, कुठे, कधी, आणि एक ओळ जास्त. ‘आषाढी, २०२४. आत्या साबुदाण्याची खिचडी करतेय. मीठ दोनदा पडलं होतं.’ एवढं पुरे. जुन्या ट्रंकेत असे कितीतरी फोटो असतात, ज्यांतल्या माणसांची नावं सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आज घरात सत्तरी-ऐंशीचं माणूस असेल तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ जुने फोटो घेऊन बसा आणि नावं लिहून घ्या. हे काम पुढे ढकलायचं नाही.

लिहायला बॉलपेन वापरू नका. दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उठतात आणि शाईही पसरते. मऊ शिशाच्या पेन्सिलीने, फोटो कडक सपाट जागेवर ठेवून, कडेला हलक्या हाताने लिहा. पाठ गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर ठेवा.

जुने फोटो आणि आपला पावसाळा

आपल्या हवेत फोटोंचे मोठे शत्रू तीन: ओल, ऊन आणि गोंद.

अल्बम पोटमाळ्यावर किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात बुरशी तिथेच आधी येते. कोरड्या कपाटात, मधल्या फळीवर, उभे ठेवा. पर्सच्या किंवा बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जवळ ठेवता येतील, मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास अल्बम सावलीत, पंख्याखाली उघडून वारा द्या. उन्हात नको, रंग उडतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो आज लालसर किंवा पिवळट पडलेले दिसतात, तर त्याआधीचे काळे-पांढरे अजून टवटवीत असतात. कारण काळ्या-पांढऱ्यात चांदीचे कण असतात आणि रंगीतमध्ये रंगद्रव्यं, ती लवकर विटतात.

चिकट पानं आणि वर प्लॅस्टिकचा कागद असलेले अल्बम एके काळी घरोघर होते. त्या गोंदाने फोटो पिवळे पडतात. फोटो काढायचा झाला तर ओढू नका. शिवणाचा बारीक दोरा फोटोच्या मागून हळूहळू सरकवत न्या. नाहीच सुटला तर तसाच राहू द्या आणि पानासकट त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. तसबिरीच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हाच उपाय: ओरबाडू नका, काचेतूनच फोटो घ्या. खिडकीजवळच्या मऊ उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल फोटोला अगदी समांतर धरा.

छापील फोटो भिजलेच तर पुसू नका. भिजलेला वरचा थर बोटालासुद्धा सुटून येतो. चिखल असेल तर स्वच्छ गार पाण्यात हलकेच बुडवून काढा आणि चित्राची बाजू वर करून सुती कापडावर, सावलीत वाळू द्या. दोन दिवसांच्या आत हे करायला हवं, नाहीतर बुरशी धरते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या पुराने घरंच्या घरं पाण्याखाली नेली. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. फोटो घेता येत नाहीत. म्हणून महत्त्वाच्या फोटोंच्या तीन प्रती असाव्यात: एक मोबाइलमध्ये, एक पेन ड्राइव्हसारख्या वेगळ्या वस्तूवर आणि एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे नाहीतर भावाकडे. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि काढल्याची तारीखही साधारणपणे त्यातून निघून जाते. तेव्हा तिथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा पोचतो.

पहिला रोल

सुरुवात कुठून करायची असं वाटत असेल तर पहिल्या महिन्याच्या बारा फोटोंची यादी देते. तुमच्या घराप्रमाणे बदलून घ्या.

१. सकाळचा पहिला चहा, ज्या कपात रोज पिता त्याच कपात.
२. घरातल्या सगळ्यांत वडील माणसाचे हात.
३. शाळेला निघायच्या घाईतलं दार.
४. ओटा, आवरायच्या आधीचा.
५. यजमान, त्यांच्या आवडीच्या कामात गढलेले.
६. मुलांचं भांडण मिटल्यानंतरची पाच मिनिटं.
७. खिडकीतून रोज दिसणारं दृश्य.
८. शेजारीण, दारात उभी राहून बोलताना.
९. रविवारच्या जेवणाची पंगत, हात खरकटे असताना.
१०. घरातली एखादी जुनी वस्तू आणि ती वापरणारं माणूस.
११. झोपलेलं घर.
१२. तुम्ही.

बारावा फोटो शेवटी ठेवू नका बरं का. आज दिवेलागणीच्या आधी, खिडकीत उजेड आहे तोवर, मुलीच्या हातात मोबाइल द्या आणि आपल्या कामाला लागा. पदर सारखा करायचीही गरज नाही. फोटो निघाला की तिलाच मागे लिहायला सांगा: ‘आई’, आणि खाली आजची तारीख.